उत्तर मिळालं, औषधाचं काय?

(परभणी जिल्ह्यातलं, सेलूजवळचं शेतकरी कुटुंब. आबांना फुप्फुसाचा कर्करोग, चौथी स्टेज. धाकटा भाऊ शेती पाहतो. ताई परभणीत एका दवाखान्यात सिस्टर आहे.)

भाऊ : ताई, गाठीच्या जनुकांची ती मोठी तपासणी करूनच टाकू. एकरभर रान विकावं लागलं तरी चालेल. आबांपेक्षा जमीन मोठी नाही.

ताई : नाहीच. पण तपासणी म्हणजे औषध नव्हे. जनुकांत बिघाड कुठं आहे, एवढंच ती सांगते. त्या बिघाडावर गोळी असली तरच उपयोग.

भाऊ : आणि असते ना?

ताई : फुप्फुसाच्या कर्करोगात बऱ्याचदा असते. ईजीएफआर जनुकात बदल सापडला तर जेफिटिनिबची गोळी केमोपेक्षा जास्त काळ रोग रोखते, हे 2009 मध्ये आयपास अभ्यासात दिसलं. ती आता भारतीय कंपन्याही बनवतात. रोग मुळासकट मात्र जात नाही. आणि सगळ्याच कर्करोगांत असं जमत नाही. फ्रान्सच्या शिवा चाचणीत जनुकं पाहून औषधं निवडली. 2015 मध्ये निकाल आला, नेहमीच्या उपचारांहून ती सरस ठरली नाहीत.

भाऊ : मग आधी ईजीएफआरच पाहू. स्वस्तात होईल.

ताई : तिथंच अडतं. सुईनं काढलेला तुकडा तांदळाच्या कणीएवढा. मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्याचे पातळ काप काढतात. एकेक तपासणी करत गेलं की तुकडाच संपतो. मग आबांना पुन्हा सुई.

भाऊ : म्हणजे मोठीच करायची?

ताई : आधी डॉक्टरांना विचारू. तुकडा किती उरलाय? काय सापडलं तर उपचार बदलेल? ते औषध आपल्याला झेपेल का? ईजीएफआरवरचीच दुसरी गोळी ओसिमर्टिनिब, तिच्यावरचं सीमाशुल्क केंद्रानं 2024 मध्ये माफ केलं, तरी कोरडवाहू शेतकऱ्याला ती गोळी महागच.

भाऊ : पण तपासणी न करता आबा गेले, तर जन्मभर मनाला लागून राहील.

ताई : ते ओझं तुझं. ते हलकं व्हावं म्हणून आबांनी सुया का सोसायच्या?

भाऊ : त्यांना तर आपण आजाराचं नावही सांगितलं नाही.

ताई : उपचार ज्याच्या-त्याच्या गाठीप्रमाणे ठरवायचे म्हणतो आपण. गाठीला विचारायचं आणि माणसाला नाही? सातबारा त्यांच्या नावावर, दुखणं त्यांच्या छातीत. उद्या दोघं बसून त्यांना सगळं सांगू. वेदनेवरचं औषध मात्र डॉक्टरांना विचारून आजच सुरू करू. त्यासाठी कुठल्याच अहवालाची वाट पाहावी लागत नाही. रान विकायचं की नाही, ते आबा ठरवतील.