सत्तरीनंतरचे पाच लाख

सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक भारतीयाला, मग तो पेन्शनर असो की शेतमजूर, आयुष्मान भारत योजनेत घेण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने ११ सप्टेंबर २०२४ रोजी घेतला. २९ ऑक्टोबरपासून 'आयुष्मान वय वंदना' कार्डे निघू लागली. २०१८ च्या मूळ योजनेचे दार प्रामुख्याने गरिबीच्या यादीतून उघडत असे. इथे उत्पन्नाचा दाखला कोणी मागत नाही, रेशनकार्डाचा रंगही पाहत नाही. खाजगी विमा असला तरी कार्ड मिळते.

वय ठरते ते आधार कार्डावरून. ज्या पिढीच्या जन्मतारखा शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून अशा ठोकून दिल्या, तिच्यासाठी हा निकष दिसतो तितका सरळ नाही. कागदावर एकोणसत्तरचा माणूस प्रत्यक्षात पंचाहत्तरीचाही असू शकतो.

उपचारांसाठीची वर्षाला पाच लाख रुपयांची मर्यादा माणशी नाही, कुटुंबाची आहे. घरात आजी-आजोबा दोघेही सत्तरीपुढचे असतील तर वर्षभरासाठी रक्कम दोघांत मिळून तेवढीच. मूळ योजनेत आधीच असलेल्या कुटुंबातील ज्येष्ठांना मात्र आणखी स्वतंत्र पाच लाख मिळतात, आणि त्यांत सत्तरीच्या आतल्यांचा वाटा नसतो. आजोबांच्या उपचारात रक्कम सरत आली की आजींचे ऑपरेशन पुढल्या वर्षावर जाते. कोणी थांबायचे, हे नियमात कुठेच लिहिलेले नाही. तरी बहुतेक घरांत ते आधीच ठरलेले असते.

केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचाऱ्यांना आणि माजी सैनिकांना आपापली आरोग्य योजना किंवा हे कार्ड, यांतले एकच निवडावे लागते. इथे घाई महागात पडू शकते, कारण कर्मचाऱ्यांच्या योजनेत दवाखान्यातली तपासणी आणि रोजची औषधेही मिळतात. वय वंदना कार्डात ती नाहीत.

कार्ड चालते ते योजनेत नोंदलेल्या रुग्णालयांतच, तेही रुग्ण दाखल झाल्यावर. जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात, आणि ही मोठीच सोय म्हणायची. विकतच्या विम्यात त्यासाठी बहुधा काही वर्षे थांबावे लागते. दाखल होताना कार्ड दाखवावे, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, गाठावे आणि उपचाराला मंजुरी आली का ते विचारून घ्यावे. मंजूर उपचारासाठी वेगळे पैसे मागितले, तर १४५५५ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार करता येते.

दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस, एवढ्या काळातल्या तपासण्या व औषधे योजनेत बसतात. सोळाव्या दिवसापासून रक्तदाबाच्या गोळ्या, मधुमेहाच्या तपासण्या, कमरेचा पट्टा आणि उशाशी बसणाऱ्या माणसाचा पगार, हे सारे पुन्हा घरच्या खर्चात येते.