बाजार उठल्यावर

आठवडी बाजार उठला की मागं उरतो कोबीचा पाला, सडके टमाटे, फाटक्या पिशव्या. घरचं अंगण रोज झाडणारी आपली माणसं इथं पचकन थुंकतात. मीही मेथीच्या काड्या तिथंच टाकून यायचो. शेतात तोच पाला खत होतो, बाजारात घाण. का? शेत माझं, बाजार कुणाचाच नाही.

गाडगेबाबा गावात आले की आधी झाडू, मग कीर्तन. १९५६ साली ते गेले. फोटो आपण भिंतीला लावला, झाडू कोपऱ्यात ठेवला.

परवा शेजारची म्हातारी उठता उठता आपली जागा झाडत होती. म्हटलं, "मावशी, पंचायतीचा माणूस येतोय की."

"जिथं पोट भरलं, तिथं उष्टं टाकून उठू व्हय?"

आता माझा पाला पोत्यातनं घरी येतो. तेवढ्यानं बाजार स्वच्छ होत नाही, कळतं मला. पण माझ्या जागेपुरता तो माझा झाला.