शंभरावा हिस्सा



जुन्या करारातील नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय आपण सहसा वाचत नाही. दुष्काळ पडलेला. लोकांनी धान्यासाठी शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकली, राजाचा कर भरायलाही कर्ज काढले. मुलामुलींना दास्यात द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी उघड आक्रोश केला. नहेम्या संतापला, पण ऋणकोंवर नव्हे, धनकोंवर! सभा भरवून त्याने शेते, घरे आणि घेतलेला शंभरावा हिस्साही परत करायला लावला. हा हिस्सा म्हणजे महिन्याला शेकडा एक व्याज, असे पुष्कळ भाष्यकार मानतात. आज अनेक क्रेडिट कार्डांच्या थकबाकीवर महिन्याला शेकडा तीनहून अधिक आकारतात, आणि कार्ड मिळाले की आपल्याला आनंद होतो.

रिझर्व्ह बँकेच्या जून २०२५ च्या अहवालानुसार देशातील कर्जदाराच्या डोक्यावर सरासरी कर्ज मार्च २०२३ मध्ये ३ लाख ९० हजार रुपये होते. मार्च २०२५ मध्ये ते ४ लाख ८० हजार झाले. दोन वर्षांत कुणाचा पगार एवढा वाढला? त्यातही निम्म्याहून अधिक कर्ज घरासाठी नाही, बहुतांशी खर्चासाठी आहे. गृहकर्ज फिटले की घर तरी उरते. मांडव, बँड आणि मोबाइलचे हप्ते फिटले की काय उरते?

अर्थात सगळे कर्ज हौसेचे नसते. इस्पितळाचे बिल, मुलांची फी, ही आजची दुष्काळातली धान्याची कर्जे आहेत. आपल्या वसईच्या कॅथॉलिक बँकेची सुरुवात १९१८ साली झाली, ती सामान्य माणसाला सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून. आज सावकार मोबाइलमध्येच येऊन बसला आहे.

मला अधिक चिंता वाटते ती मौनाची. यरुशलेमातील लोक ओरडले तरी. आपल्याकडे नवऱ्याने पतपेढीतून काय उचलले ते बायकोला ठाऊक नसते, आणि तिच्या पाटल्या गहाण आहेत हे त्याला. लाजेपोटी माणसे मिस्सेलाही येईनाशी होतात.

या आठवड्यात एका संध्याकाळी जपमाळेनंतर पतिपत्नींनी सगळे हप्ते एका कागदावर मांडावेत. ज्यांना एकट्याने झेपत नाही त्यांनी माझ्याकडे यावे. नाव बाहेर जाणार नाही. आणि व्याजाने पैसे फिरवणारेही आपल्याच बाकांवर बसतात. त्यांनी तो अध्याय घरी वाचावा आणि मग मला भेटावे.

आपला धर्मगुरू