एकाग्र की बहिरा?

चर्चच्या तरुण संघात वाढलेल्या प्रत्येकाला एक प्रश्न कधी ना कधी विचारला गेलेला असतो : तुझ्या आयुष्याविषयी देवाची योजना काय आहे, कळलं का? पाठोपाठ सल्लाही येतो. एकदा योजना कळली की नजर हलू द्यायची नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे हा सल्ला मला फार ओळखीचा वाटतो. ऑफिसातही हेच सांगतात : ध्येय ठरवा, तिमाहीचे टप्पे पाडा, मधे येईल ते बाजूला सारा. देवाचं नाव वगळलं, तर ही दोन्ही भाषणं एकमेकांच्या जागी खपून जातील. मला खटकतं ते हेच. देवाच्या हेतूवर लक्ष ठेवायचं म्हणजे मधे येणाऱ्या माणसांना टाळायचं का?

येशूने सांगितलेला चांगल्या शोमरोन्याचा दृष्टान्त बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एकाला मारून अर्धमेला टाकलंय. एक याजक येतो, मग एक लेवी येतो, आणि दोघेही पलीकडच्या कडेने निघून जातात. आपण त्यांना निर्दयी म्हणतो आणि मोकळे होतो. पण प्रेताला शिवून याजकाने विटाळ ओढवून घेऊ नये, असं मोशेचं नियमशास्त्र सांगायचं. म्हणजे कदाचित त्या याजकाचं देवाच्या कामावर नको इतकं लक्ष असेल! थांबला तो शोमरोनी. त्यालाही कुठेतरी जायचं होतंच.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या 5व्या अध्यायात तर येशू स्वतः थांबतो. सभास्थानाचा अधिकारी याइर त्याच्या पाया पडलेला असतो, कारण त्याची 12 वर्षांची मुलगी मरायला टेकली आहे. येशू निघतो. वाटेत, 12 वर्षं रक्तस्रावाने पिडलेली एक बाई गर्दीतून त्याच्या वस्त्राला हात लावते. ती बरी होते. काम झालेलं असतं. तरी येशू थांबतो, कुणी हात लावला विचारतो, आणि तिचं सगळं बोलणं ऐकून घेतो. तेवढ्यात निरोप येतो की मुलगी गेली.

माझ्या क्षेत्रात यासाठी एक चांगला शब्द आहे : इंटरप्ट. प्रोसेसर एक काम करत असतो आणि मधेच कीबोर्ड, नेटवर्क किंवा घड्याळ त्याला हाक मारतं. तो आपण कुठवर आलो होतो ते नोंदवून ठेवतो, हाकेला ओ देतो आणि नेमका त्या जागी परत येतो. काही इंटरप्ट तात्पुरते दाबून ठेवता येतात. काही मात्र दाबताच येऊ नयेत अशीच रचना असते, कारण ते हार्डवेअरमधल्या गंभीर बिघाडाची खबर आणतात. कुठलीच हाक न ऐकणाऱ्या यंत्राला आम्ही एकाग्र म्हणत नाही. ते हँग झालं असं म्हणतो.

ओ देणं आणि परत येणं, या दोन्ही गोष्टी मला पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसतात. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं ते उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी. पुढे केडगावला जमीन घेतली ती फळबागेतून शाळेला उत्पन्न मिळावं म्हणून. योजना स्पष्ट होती. मग 1896-97चा दुष्काळ आला. रमाबाईंचे आईवडील 1870च्या दशकातल्या दुष्काळात गेले होते. भूक म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. फळबागेच्या जमिनीवर मुक्ती मिशन उभं राहिलं.

याच बाईंनी आयुष्याची शेवटची दीड दशकाहून अधिक वर्षं एका कामाला दिली : हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत अख्खं बायबल आणायचं. 1921 साली मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. 1922च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, तोवर ते पुरं होत आलं होतं. 1924 साली ते प्रसिद्ध झालं. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवायचं काम तिथल्या बायकाच करत.

हे वाचून चटकन म्हणावंसं वाटतं, बघा, जो व्यत्यय वाटला तीच खरी योजना निघाली. मला हे वाक्य पटत नाही. प्रत्येक व्यत्ययातून छापखाना उभा राहत नाही. माझी आजी अहिल्यानगरला असते. रोज रात्री नऊला, माझ्या शास्त्रवाचनाच्या वेळेस, तिचा फोन येतो. "जेवलास का रे?" मी सांगतो. पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. तिला आठवत नाही. या फोनमधून पुढे काही घडणार नाही, आणि उद्या ती हा फोनही विसरलेली असेल. तरी तो दाबायचा इंटरप्ट नाही, एवढं मला कळतं.

बाकीच्यांचं काय? फोन तर दिवसभर वाजतच असतो. मी एक साधी कसोटी लावतो : ही हाक मला काही देऊ करते आहे की माझ्याकडे काही मागते आहे? नोटिफिकेशन बहुतेक वेळा देऊ करतं, कधी कौतुक, कधी करमणूक, कधी भांडण. ते बिनधास्त दाबावं. समोरचं माणूस मागतं, आणि तिथे निदान मान वर करून बघावं.

पण मागणारे दोघे असतील तर? आजी पडली तेव्हा मी रिलीजच्या आठवड्यात चार दिवस गावी होतो, आणि माझ्या वाट्याच्या रात्री एका सहकाऱ्याने जागून काढल्या. त्याच्या घरी तान्हं बाळ होतं. येशू त्या बाईशी बोलत होता तेव्हा याइर शेजारीच उभा होता, एकेक क्षण मोजत. त्या गोष्टीत येशू पुढे जाऊन मुलीला उठवतो. मला तसं कुणाला उठवता येत नाही. मी एकापाशी थांबतो तेव्हा दुसरा कुणीतरी खरोखरच खोळंबतो.

म्हणून देवाच्या हेतूवर लक्ष ठेवण्याचा माझ्यापुरता अर्थ एवढाच उरतो : थांबावं लागलं तर थांबायचं, आपण कुठवर आलो होतो ते विसरायचं नाही, आणि आपल्या थांबण्याची किंमत कोण भरतंय, त्याचा चेहरा नजरेआड होऊ द्यायचा नाही.