मम म्हणा!

एकदा केलेले काम पुन्हा करायला लागणे, यापरते दुःख नाही. जीव चौऱ्याऐंशी लक्ष योनींतून फिरायला मुकाट्याने तयार होतो. पण एकच पत्र चौऱ्याऐंशी खातेदारांना लिहायचे आहे म्हटले, की त्याला तत्काळ मोक्ष आठवतो. या दुःखावर माणसाने फार पूर्वीच औषध शोधून ठेवले आहे. आपल्याकडे त्याला मायना म्हणत. यादवांच्या दरबारातल्या हेमाडपंतांच्या नावावर जी ‘मेस्तके’ सांगतात, ती म्हणजे कोणाला कसे पत्र लिहावे याचे नियम सांगणारी पुस्तकेच. वडिलांना काय म्हणावे, धाकट्याला काय, सगळे आधी ठरलेले. आमच्या आजोबांच्या पिढीने तर ते आणखी आटवले. साष्टांग नमस्कार घालायचा म्हणजे आठ अंगे जमिनीला टेकवायची. पण पोस्टकार्डावर ‘सा. न. वि. वि.’ एवढी चार अक्षरे लिहिली की काम झाले. आठ अंगांचे काम चार अक्षरांत! मी बी. कॉम. आहे, त्यामुळे पन्नास टक्के बचत मला लगेच दिसते.

संगणकात याच मायन्याला मॅक्रो म्हणतात. ज्यांचा या प्राण्याशी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वर्ड नावाच्या प्रोग्रॅममध्ये आमच्यासारख्या कचेऱ्यांतली पत्रे तयार होतात. त्यात ‘रेकॉर्ड मॅक्रो’ अशी एक सोय आहे. ती सुरू केली, की पडद्यावरच्या बाणाला एक चिमुकली कॅसेट लटकते. म्हणजे तुम्ही आता जे जे कराल ते ते टेप होणार. मग तुम्ही पत्र लिहायचे, तारीख घालायची, खाली साहेबांचे नाव ठोकायचे आणि रेकॉर्डिंग थांबवायचे. या सगळ्या करणीला एक नाव द्यायचे आणि तिचे एक बटण करून वरच्या टूलबारवर चिकटवायचे. पुढे केव्हाही बटण दाबा, ते पत्र जसेच्या तसे पुन्हा जन्म घेते. गंमत म्हणजे यंत्र अतिशय इमानी आहे. तुम्ही ‘खेद’ लिहिताना आधी चुकून ‘खोद’ लिहून पुसले असेल, तर तेही प्रत्येक वेळी आधी ‘खोद’ लिहिणार, पुसणार आणि मग खेद करणार. तुम्ही काय केलेत ते सगळे टिपून घेते. का केलेत, ते मात्र त्या कॅसेटीत मावत नाही.

आमच्या शाखेत वीसेक वर्षांपूर्वी एक तरुण अधिकारी आले होते. त्यांना या विद्येचा भारी नाद. ते इतर वेळी फारसे बोलत नसत, पण बटणे मात्र भराभर बनवत. त्यांनी आल्याआल्या शाखेतला समग्र शिष्टाचार टूलबारवर बसवला. कर्ज नाकारल्याचे पत्र हे ‘खेद’. हप्ता थकल्याचे ‘स्मरण’. ठेव ठेवल्याबद्दल ‘आभार’. निवृत्तिवेतनवाल्यांना दर नोव्हेंबरात जे पत्र जायचे, ते ‘हयात’. प्रत्येक बटणावर चित्र हवे. जुन्या वर्डमध्ये तयार चित्रे मोजकीच होती, आणि त्यांत एक गोल हसरा चेहरा होता. तो कशाला द्यायचा यावर चर्चा झाली आणि शेवटी तो ‘खेद’ या बटणाला मिळाला, कारण ते सगळ्यांत जास्त वापरात असे. त्यामुळे आमच्या शाखेत कर्ज नाकारायचे झाले, की संबंधित टेबलावरचा माणूस हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवी आणि प्रिंटरमधून खेद बाहेर पडे.

पुढे त्या अधिकाऱ्यांची रीतसर बदली झाली. त्यानंतर महिन्याभराने त्यांच्या टेबलावरचा संगणक दुरुस्तीला आलेल्या माणसाने धुऊनपुसून लख्ख करून दिला. मॅक्रो आणि टूलबार ‘नॉर्मल’ नावाच्या एका फायलीत राहतात, आणि ती फाईल ज्याच्या त्याच्या संगणकात असते. ती गेली आणि तिच्याबरोबर शाखेचा सगळा विनय गेला. दोन दिवस आमच्या शाखेतून कोणालाही खेद झाला नाही. तिसऱ्या दिवशी एका कर्जदाराला नकार कळवायची वेळ आली, तेव्हा तीन पदवीधर माणसे एका कोऱ्या पडद्यासमोर बसून, खेद नेमका कसा होतो, हे आठवत होती. “आपणास कळविण्यास...” इथपर्यंत यायचे. पुढे सगळे वर पाहायचे. बटण जिथे होते तिथे.

शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांची एक आख्यायिका आपण शाळेत ऐकलेली असते. पत्र लिहायचे राहिले होते, तर त्यांनी कोरा कागद हातात धरून सबंध पत्र धडाधड वाचून दाखवले, आणि शेजारचा मशालजी हसला म्हणून ते उघडकीला आले. म्हणजे कागद कोरा होता आणि डोके भरलेले होते. आमच्याकडे कागदाची तशी तक्रार कधीच नसते. पुढे २००७ सालच्या वर्डने ते जुने टूलबारच काढून त्यांच्या जागी एक लांबरुंद पट्टी आणली. पण तोवर नवी बटणे करण्याइतका शिष्टाचार कोणाच्या डोक्यात शिल्लक राहिला नव्हता.

मला त्या दोन दिवसांपासून एक प्रश्न पडलेला आहे. बी. कॉम. माणसाने तत्त्वज्ञानात शिरू नये हे मान्य. पण प्रश्न हिशेबाचाच आहे. इतकी वर्षे आम्ही जो खेद पाठवत होतो, तो कोणाचा होता? साहेबांचा म्हणावा, तर ते न वाचता सही करत. बटण दाबणाऱ्याचा म्हणावा, तर त्याचे लक्ष घड्याळाकडे. मॅक्रो करणाऱ्या अधिकाऱ्यांचा म्हणावा, तर त्यांना खेद फार तर एकदाच झाला असणार, रेकॉर्डिंगच्या दिवशी. आणि तोही हसऱ्या चेहऱ्याचा.

आपल्या नावाने दुसऱ्याच कोणी पत्र लिहावे, यात केवढा धोका आहे हे चोरांना आपल्या आधी कळले. १९९५ साली ‘कॉन्सेप्ट’ नावाचा एक मॅक्रो वर्डच्या फायलींतून जगभर पसरला. मग मार्च १९९९ मध्ये ‘मेलिसा’ आली. नाव एखाद्या सोज्ज्वळ मुलीचे. काम असे, की फाईल उघडली रे उघडली, की तुमच्या पत्त्यांच्या वहीतल्या पहिल्या पन्नास जणांना तुमच्या नावाने तीच फाईल परस्पर रवाना. लोकांनी ती उघडली, कारण पाठवणारा ओळखीचा होता. तुमच्या नावावरचा लोकांचा विश्वास हेच तिचे भांडवल. तेव्हापासून यंत्र सावध झाले. मॅक्रो असलेली फाईल आली, की ते मॅक्रो बंद ठेवून एक पिवळी पट्टी दाखवते आणि चालू करू का म्हणून विचारते. २०२२ पासून तर इंटरनेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो वर्ड परस्पर अडवूनच ठेवते. म्हणजे यंत्रसुद्धा दुसऱ्याची ठरीव वाक्ये चालवण्याआधी ‘यामागे कोण आहे?’ एवढे पाहते. साहेबांच्या सहीसमोर मात्र अशी पिवळी पट्टी कुठे येत नाही.

आता ‘हयात’ या बटणाची गोष्ट. ती बटणे होती तेव्हाचीच. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने दर वर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा, हा नियम तुम्हाला माहीत असेलच. ज्यांचा दाखला आला नाही, त्यांना पत्र जाई. आपण समक्ष येऊन हयातीचा दाखला द्यावा, न आल्यास निवृत्तिवेतन थांबवावे लागेल, आणि तळाशी, ‘आपणांस निरामय दीर्घायुष्य लाभो’. त्या वर्षी एक वयस्कर बाई ते पत्र घेऊन शाखेत आल्या. त्यांचे यजमान ऑगस्टमध्ये गेले होते. मृत्यूचा दाखला त्यांनी तेव्हाच आणून दिला होता, त्याची पोचही त्यांच्या पिशवीत होती. पण पत्रांची यादी आदल्या वर्षाची होती. त्या भांडायला आल्या नव्हत्या. त्यांनी पत्र उलगडून काउंटरवर ठेवले आणि हळूच म्हणाल्या, “साहेब, ह्यांना समक्ष बोलावलंय तुम्ही. आता ह्यांना कसं आणू, तेवढं सांगा.”

काउंटरवरच्या माणसाने पत्र पाहिले आणि अधिकाऱ्यांकडे नेले. अधिकारी म्हणाले, मी फक्त बटण दाबले, यादी दुसऱ्या टेबलावरून आली. यादीचे टेबल म्हणाले, यादी संगणकातून निघाली. साहेब म्हणाले, सही माझी आहे खरी, पण पत्र सिस्टिममधून गेले. एकही जण खोटे बोलत नव्हता. सगळ्यांचे म्हणणे खरे होते आणि ते पत्र कोणीच लिहिलेले नव्हते. बाई काउंटरशी उभ्याच होत्या. तेवढ्यात आमचे शिपाईमामा उठले. या माणसाने जन्मात कधी संगणकाच्या बटणाला बोट लावले नव्हते. त्यांनी खुर्ची ओढून बाईंना बसवले, पाणी आणून दिले, ते पत्र उचलून घडी करून स्वतःच्या खिशात घातले आणि म्हणाले, “चुकलं आमचं, माई.” मग कुठे त्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

हे ऐकून कोणी म्हणेल, की ठरीव वाक्ये म्हणजे नुसते ढोंग. पत्र लिहावे तर हाताने, मनापासून, प्रत्येकाला वेगळे. तसे मला वाटत नाही. मी नाशिकचा माणूस आहे. आमच्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ सालापासून नोटा छापतात. एका रुपयाची सोडली, तर रिझर्व्ह बँकेच्या प्रत्येक नोटेवर धारकाला तेवढे रुपये देण्याचे वचन असते आणि खाली गव्हर्नरांची सही असते. गव्हर्नर काही दर नोटेपाशी येऊन मनापासून वचन देत नाहीत. वचनही छापील, सहीही छापील. मॅक्रोच म्हणा ना! पण त्या शब्दांना एक माणूस आणि एक संस्था बांधलेली आहे, म्हणून भाजीवाली ती नोट बिनतक्रार घेते. तसेच दहाव्याला नदीवर आपण जातो. काय बोलावे सुचत नाही, म्हणून ‘सावरा आता’ म्हणतो. आपल्या आधीच्या वीस जणांनी तेच म्हटलेले असते. तरी समोरच्याला बरे वाटते, कारण ते म्हणायला आपण गोदाकाठी उन्हात येऊन उभे असतो.

याचा खुलासा मला तिथेच, रामकुंडावर मिळतो. गुरुजी संकल्प सांगतात. देश, काल, गोत्र, सगळे त्यांना पाठ. रोज तेच, फक्त नावे बदलायची. यजमानाला त्यातले बहुधा अक्षर कळत नसते. पण सगळा मजकूर सांगून झाला, तरी एका शब्दापाशी गुरुजी थांबतात आणि यजमानाकडे पाहून सांगतात, “मम म्हणा.” तो शब्द यजमानाच्या वतीने ते स्वतः उरकून टाकत नाहीत. बोलीभाषेत आपण ‘मम म्हणणे’ याचा अर्थ नुसती मान डोलावणे असा करून टाकला आहे. पण मूळ शब्दाचा अर्थ ‘माझे’. शब्द कोणाचेही असोत, हे माझे, याचे जे होईल त्याला मी आहे, एवढे ज्याचे त्याने म्हणायचे. शिपाईमामांनी त्या दिवशी दुसऱ्यांच्या पत्राला मम म्हटले. ज्यांचे ते होते, त्यांना तो शब्द सुचला नाही.

आता शेवटी हिशेब. आम्हाला कॉलेजात पहिल्या आठवड्यात शिकवले, की प्रत्येक नावेला कुठेतरी जमा असलीच पाहिजे. बटणाने एका पत्रामागे पाच मिनिटे वाचतात, हे मी आनंदाने मान्य करतो. पण ती पाच मिनिटे जमा कुठे झाली? बहुतेक ठिकाणी ती उचंत खात्यात पडून असतात. वर्ष संपते तरी कोणी विचारत नाही. माझे म्हणणे एवढेच, की त्यांतले एक मिनिट पत्र वाचण्याकडे जमा करावे. ज्याच्या नावाने ते जाणार, त्याने हे नाव कोणाचे, हा माणूस आहे का, असला तर हे वाचून त्याला काय वाटेल, एवढे पाहावे आणि मग खुशाल सही ठोकावी. उरलेल्या चार मिनिटांत चहा घ्यायला माझी हरकत नाही.

टूलबारवर पाहिजे तेवढी बटणे बसवा. फक्त ‘मम’ या बटणाच्या शोधात राहू नका. ते तिथे बसत नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती. (हे वाक्य ठरीवच आहे, पण मम.)