झाकणे आणि लपवणे

दुसऱ्याचा दोष झाकणे हा सज्जनपणा आणि स्वतःचा दोष लपवणे ही लबाडी, असे आपण सहज म्हणून जातो. पण या दोहोंमधली रेघ नेमकी कुठे ओढायची? या जुन्या प्रश्नाला संगणकातली हार्ड डिस्क एक विचार करण्याजोगे उत्तर देते.

डिस्कच्या तबकडीवर माहिती लहान लहान कप्प्यांत लिहिलेली असते. त्यांना सेक्टर म्हणतात. तबकडी सर्वस्वी निर्दोष घडणे जवळजवळ अशक्यच. म्हणून कारखान्यातच सदोष कप्प्यांची यादी होते. १९८० च्या दशकात ती यादी छापून डिस्कवर चिकटवलेली असे. पुढे डिस्क स्वतःच हे काम पाहू लागली. काही कप्पे राखीव असतात; एखादा निकामी झाला की त्याचा क्रमांक राखीव कप्प्याला मिळतो. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

मग ही लबाडी नव्हे काय? माझ्या मते नव्हे. प्रत्येक कप्प्यात मजकुराबरोबर पडताळणीचे अंक असतात. किरकोळ चूक त्यांवरून दुरुस्त होते. ती होत नसेल तर डिस्क पुनःपुन्हा वाचून पाहते आणि अखेर ‘वाचता येत नाही’ असे कळवते. मनचा मजकूर देत नाही. इतकेच नव्हे, न वाचता आलेला कप्पा ती लगेच बदलतही नाही. तसे केले तर कोरी जागा मूळ मजकूर म्हणून खपेल. त्या जागी नवे लिहिण्याची वेळ येईपर्यंत कप्पा ‘प्रलंबित’ राहतो. आणि किती कप्पे बदलले, याची मोजदाद ती ठेवते; विचारणाऱ्याला ती पाहता येते.

या मोजदादीचे मोल थोडे नाही. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली दाखवले, की पहिला कप्पा बदलल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याचा संभव इतर डिस्कांच्या मानाने १४ पट असतो.

शाळेच्या रजिस्टरातही चुकलेला शब्द खोडरबराने पुसत नाहीत. त्यावर रेघ मारून सही करतात. दोष झाकला तरी नोंद उरली, तर ते सावरणे. नोंदही पुसली, तर ते लपवणे.

आपल्या संस्थांत, घरांतही, दुसऱ्याची उणीव निमूटपणे भरून काढणारी एक-दोन माणसे असतात. त्यांच्यामुळे सारे सुरळीत दिसते. त्यांनी किती भार उचलला, याची नोंद मात्र कुणी ठेवत नाही. राखीव कप्पे मोजकेच असतात, हे मग ते संपल्यावरच कळते.