चाकांवरचा हत्ती

हत्तीच्या पायाखाली चाकं लावायचं कुणाला सुचलं असेल? प्रवरेकाठच्या दायमाबादचा विषय निघाला की मला हाच प्रश्न पडतो. अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यातलं हे गाव. 1974 मध्ये इथला एक शेतकरी झुडपाचं मूळ खणत होता, तेव्हा त्याच्या हाती ब्राँझच्या चार वस्तू लागल्या: हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलजोडी जुंपलेला रथ. सगळं भरीव ओतकाम, एकत्र वजन 60 किलोंहून जास्त. रथ 45 सेंटिमीटर लांबीचा, त्यात उभा असलेला माणूस 16 सेंटिमीटरचा. गेंडा आणि म्हैस चाकांवर उभे आहेत. हत्तीच्या बैठकीखाली आसासाठी भोकं आहेत, चाकं मात्र हरवली.

या वस्तू शास्त्रीय उत्खननात सापडल्या नाहीत, त्यामुळे त्यांच्या काळावरून अभ्यासकांत वाद झाला. पुष्कळ जण त्या उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे जवळपास 4000 वर्षांपूर्वीच्या मानतात. त्या पूजेच्या होत्या, मिरवणुकीच्या की खेळण्याच्या, हेही ठरलेलं नाही.

माझं लक्ष मात्र रथाच्या दांडीवर उभ्या असलेल्या छोट्या कुत्र्याकडे जातं. रथ चालायला त्याची काहीच गरज नव्हती. धातू मौल्यवान, भट्टी लावायची तर कष्टाची. तरीही ओतणाऱ्याने त्याला जागा दिली, कारण त्याच्या मनातल्या रथावर तो होता. काम कुठे संपलं आणि हौस कुठे सुरू झाली, हे त्या कारागिराला तरी सांगता आलं असतं का? मला नाही वाटत.

गेंड्याचंही तसंच. हत्ती, गेंडा, म्हैस हे प्राणी सिंधूकाठच्या मुद्रांवर भेटतात, आणि दायमाबादच्या उत्खननात सिंधू लिपीतली चिन्हं असलेल्या मुद्रा मिळाल्या आहेत. मला तर वाटतं, मागे राहिलेल्या मुलखाची आठवण कुणीतरी प्रवरेकाठी धातूत ओतली. पुरावा म्हणून नव्हे, ओढ म्हणून मी हे मानतो.

ब्राँझने मातीखाली पडून काळ काढला. सगळ्याच गोष्टींना ते जमत नाही. याच प्रवरेच्या उगमाकडे, अकोले तालुक्यात, कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणी जपली. त्यांना पद्मश्री मिळाली. बी कणगीत कितीही जपून ठेवलं तरी ते पुन्हा पेरावंच लागतं. हातातली कला बियाण्याच्या जातीची आहे.

मी जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करतो. बातम्या फोनवर मिळतात, गाणी तर हवी ती हव्या त्या क्षणी. पण गळका कंडेन्सर काढून नवा टाका मारावा, डायलची तुटलेली दोरी चाकांवरून पुन्हा ओढून घ्यावी, आणि व्हॉल्व्ह तांबूस होत होत दूरचं स्टेशन खरखरीतून वर यावं, तेव्हा आवाज हवेतून येतो कसा हे बोटांना कळतं. फोन मला अतोनात देतो, हे मी मनापासून मानतो. मात्र तो आपलं पोट उघडून दाखवत नाही. जे उघडता येत नाही, त्याच्याबद्दल मुलं प्रश्न विचारायचं थांबवतात, आणि मग हत्तीला चाकं लावण्यासारखं काही त्यांना सुचणार कुठून?

म्हणून जुन्या वस्तू केवळ दिवाणखान्यात मांडण्याची हौस मला अपुरी वाटते. रेडिओ बंद असेल तर तो शोभेचा डबा. त्याच्यावर प्रेम असेल तर मागचं झाकण काढावं.

तुमच्या गल्लीत दुकान बंद केलेला एखादा रेडिओ मेकॅनिक असेल, घड्याळजी असेल, ओतारी असेल. या दिवाळीच्या सुटीत घरातल्या मुलामुलींना त्यांच्याकडे घेऊन जा आणि काहीतरी खोलू द्या. बिघडलं तर बिघडू द्या. पण पुढच्या वर्षावर टाकू नका. ही माणसं आता थकली आहेत.